बाबांच्या पावसाच्या वह्या साइटवर आणताना: कामाच्या नोंदी

१० मे २०२५, शनिवार

आज वाडीवरून तीन वह्या पुण्याला घेऊन आले. २०१९, २०२० आणि २०२१. स्कॅन वहिनीने गेल्या महिन्यातच पूर्ण केले होते, पण अक्षर लागलं नाही तर मूळ पान हाताशी असावं म्हणून वह्याच उचलल्या.

बाबा १९८७ पासून रोज एक पान लिहितात. श्रीवर्धन तालुक्यात आमची पोफळी-माडांची वाडी आहे. मागच्या अंगणात, झाडांचं पाणी ठिबकणार नाही आणि पागोळ्या लागणार नाहीत अशी जागा बघून बाबांनी पर्जन्यमापक रोवलंय. सकाळी साडेआठला मापकातलं पाणी मोजायचं, मिलिमीटरचा आकडा लिहायचा. मग वारा कुठून आहे, विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या आहेत, शिंपणं झालं का, नक्षत्र कोणतं. हवामान खात्याची मोजणी साडेआठची, म्हणून बाबांचीही साडेआठची. त्यांच्या वहीत ‘आजचा पाऊस’ म्हणजे काल साडेआठ ते आज साडेआठ.

ठरलंय ते असं. प्रत्येक दिवसाची एक साधी मजकुराची फाइल, वर चार ओळींची माहिती, खाली बाबांचे शब्द जसेच्या तसे. ह्यूगो या साइट बांधणाऱ्या प्रोग्रॅमने त्या फाइलींची एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी, पानं करायची. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, सर्व्हरवर चालणारा कुठलाही प्रोग्रॅम नाही. पानं एकदा तयार झाली की ती नुसती वाढायची, स्वयंपाक रोज करायचा नाही.

कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली डॉकर या साधनाची पेटी, कशासाठी, तेही आजच लिहून ठेवते. माझा लॅपटॉप एक, वाडीवर वहिनीचा दुसरा, सर्व्हर तिसरा. तिन्हीकडे ह्यूगोची तीच आवृत्ती, तीच टेम्प्लेटं (पानांचे साचे), तोच निकाल हवा. आणि दहा वर्षांनी दादाच्या मुलीला हे पुन्हा उभं करावंसं वाटलं, तर तिला सगळी हत्यारं एका पेटीत मिळायला हवीत.

मुदत ८ जून. मृग लागायच्या आत.

११ मे, रविवार

पहिली डॉकरफाइल, म्हणजे ती पेटी कशी बांधायची याची कृती. दोन टप्प्यांचं बिल्ड, म्हणजे बांधणी. पहिल्या टप्प्यात ह्यूगो पानं बांधतं, दुसऱ्यात ती पानं एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या छोट्या इमेजमध्ये (कंटेनर जिच्यातून सुरू होतो ती तयार पेटी) उचलून ठेवायची. शेवटच्या इमेजमध्ये ह्यूगो उरत नाही, फक्त पानं आणि ती देणारा सर्व्हर.

सकाळचे तीन तास एका गोष्टीत गेले. स्कॅन लहान करून वेबपी या हलक्या चित्रस्वरूपात हवेत, मी घेतलेल्या ह्यूगोत त्यासाठी एक्स्टेंडेड आवृत्ती लागते. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर ती उतरवून घेतली, उघडली, चालवली, तर उत्तर आलं ‘नॉट फाउंड’. फाइल तिथेच आहे. एलएस करून यादीत दिसते, चालवायची परवानगी आहे, आणि शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) म्हणतं सापडत नाही. शेवटी उलगडलं ते असं की न सापडणारी गोष्ट ह्यूगो नाहीच. एक्स्टेंडेड आवृत्ती ग्लिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीवर बांधलेली असते, अल्पाइनमध्ये त्या जागी मसल ही दुसरी लायब्ररी असते. ह्यूगो सुरू करून देणारा ग्लिबसीचा लोडर अल्पाइनमध्ये नाही, आणि शेल त्याची तक्रार ह्यूगोच्या नावाने करतं. ग्लिबसी असलेल्या डेबियन स्लिम या लिनक्सवर गेले, लगेच चाललं. इमेज जड झाली, पण तो पहिलाच टप्पा आहे, सर्व्हरवर जात नाही.

१४ मे, बुधवार

ऑफिसनंतर तासभर. कंटेनरमधला ह्यूगोचा सर्व्हर ब्राउझरमध्ये दिसत नव्हता. १३१३ हे पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, बाहेर काढलं होतं, पण ह्यूगो लोकलहोस्ट या कंटेनरच्या आतल्या पत्त्यावरच ऐकत होतं. बाइंडला ०.०.०.० (म्हणजे सगळे पत्ते) दिलं की दिसतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. वहिनीकडे तेच रेपो (फाइलींचा सामायिक साठा), तीच डॉकरफाइल, आणि यादीचं पान कोरं. माझ्याकडे नीट. मी इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ लिहिलं होतं. माझ्याकडची लेटेस्ट जुनी, आधीच उतरवलेली. तिच्याकडे आज उतरली ती नवी. ह्यूगोने ०.१४६ पासून टेम्प्लेट शोधण्याची व्यवस्था नव्याने रचली आहे आणि मी घेतलेली थीम (तयार टेम्प्लेटांचा संच) त्याआधीची. आता आवृत्तीचा आकडा पूर्ण लिहिलाय, बेस इमेज तर डायजेस्टसकट, म्हणजे नेमकी तीच इमेज ओळखणाऱ्या खुणेसकट. एकाच नावाने आज एक आणि उद्या दुसरं मिळत असेल, तर कंटेनर वापरण्याचं निम्मं कारणच संपतं.

थीमही काढून टाकली. मला लागतात तीन टेम्प्लेटं: एका दिवसाचं पान, यादीचं पान, मुखपृष्ठ. ती स्वतः लिहिली तर पुढे मलाच वाचता येतील.

१७ मे, शनिवार

वहिनीने टाइप केलेल्या पहिल्या ऐंशी फाइली आल्या. तिने दुपारच्या वेळात, पडवीत बसून, फोनवर केल्यात. एकाही जागी बाबांचा शब्द बदललेला नाही. बाबा ‘वारा पडला’ लिहितात ते तसंच, ‘आभाळ उतरलंय’ तेही तसंच.

बिल्ड मात्र पहिल्याच फाइलीला थांबलं, तारीख वाचता येत नाही म्हणून. तिने तारीख देवनागरी आकड्यांत लिहिली होती, वहीत आहे तशी. तिचं बरोबरच आहे. पण ह्यूगोला माहितीच्या ओळींत इंग्रजी आकडेच लागतात. तारीख तेवढी बदलली आणि पान दाखवताना आकडे पुन्हा देवनागरी करणारा छोटा तुकडा टेम्प्लेटमध्ये टाकला. महिन्यांची नावं ह्यूगो मराठीत देतं, आकडे देत नाही. दहा बदल एकामागून एक, शून्यापासून नवापर्यंत.

मग विषयांच्या यादीत ‘वाऱ्याची दिशा’ दोनदा आलं. एकाखाली सात नोंदी, एकाखाली चार. डोळे फोडून पाहिलं तरी दोन्ही सारखेच. दोन्हींचा कोड उघडला तेव्हा कळलं. लॅपटॉपच्या कीबोर्डवर ‘ऱ्या’ तयार होतो तो ‘ऱ’ हे नुक्त्याचं अक्षर, हलंत आणि ‘य’ मिळून. वहिनीचा फोन तोच ‘ऱ्या’ साध्या ‘र’पुढे हलंत आणि मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून करतो. डोळ्यांना एकच अक्षर, यंत्राला दोन वेगळे शब्द. अक्षरांना कोड देणाऱ्या युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे समान अक्षरं एकाच रूपात आणणं, इथे कामाला येत नाही, कारण त्याच्या नियमांत हे दोन एकमेकांचे समान मानलेले नाहीत.

हे मराठीचंच दुखणं आहे. पायऱ्या, किनाऱ्यावर, शेतकऱ्यांचे, दुसऱ्या, बाबांच्या प्रत्येक पानात कुठे ना कुठे हे अक्षर आहे. उद्या कोणी साइटवर ‘विहिरीच्या पायऱ्या’ शोधलं तर निम्म्या नोंदी सापडणार नाहीत आणि राहिल्यात हे कोणाला कळणारही नाही. म्हणून बिल्डच्या आधी एक पायरी घातली. ती ‘र’, हलंत आणि जोडचिन्हाचा क्रम सगळीकडे ‘ऱ्’ करते, आणि एखादा उरलाच तर बिल्ड थांबवते. ही पायरी कंटेनरमध्येच आहे, त्यामुळे फाइल कोणाच्याही फोनवरून आली तरी या चाळणीतून जाणार.

पानाच्या पत्त्यांचंही आज ठरलं. मथळ्यावरून पत्ता केला तर तो देवनागरी होतो, आणि कुठे चिकटवला की प्रत्येक चिन्हाचे नऊ इंग्रजी वर्ण होतात. ‘पुनर्वसू’ या एका शब्दाचे बहात्तर. लांब मथळ्याचं तर फोल्डरही बनत नाही, कारण लिनक्समध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटांचं. म्हणून नोंदीचा पत्ता म्हणजे नुसती तारीख. वहीतही पान तारखेनेच उघडतात.

१८ मे, रविवार

बिल्डला अकरा मिनिटं लागताहेत. त्यातली पहिली काही मिनिटं तर काही सुरू व्हायच्या आधीच जातात. कारण सरळ होतं. तीन वर्षांचे १,०९६ स्कॅन, सगळे मिळून ३.८ जीबी, त्याच फोल्डरमध्ये, आणि मी सगळं फोल्डर उचलून आत टाकत होते. एका शब्दाची दुरुस्ती केली तरी हा डोंगर पुन्हा हलायचा.

आधी वाटलं कॅश वापरावा, म्हणजे लहान केलेले फोटो पुढच्या बिल्डला तयार मिळतील. तासभर ते करूनही पाहिलं. चाललं. पण मग विचार केला की हे फोटो पुन्हा पुन्हा बांधायचेच कशाला? २०२० च्या वहीचं पान काही बदलणार नाही. म्हणून एकदाच, वेगळ्या कंटेनरमध्ये, सगळ्या स्कॅनचे वेबपी करून ठेवले. १९७ एमबी झाले. ते आता साइटच्या इमेजमध्ये नाहीतच, सर्व्हरवर वेगळ्या फोल्डरात राहतील आणि एनजिनएक्सला फक्त वाचण्यापुरते जोडलेले असतील. मूळ स्कॅन दोन हार्ड डिस्कवर, एक इथे, एक वाडीवर.

याने एक गोष्ट आपोआप सुटली. ह्यूगोला आता फोटोंना हात लावायचा नाही, म्हणजे एक्स्टेंडेड आवृत्ती नको, म्हणजे डेबियन नको. साधं ह्यूगो अल्पाइनवर विनातक्रार चालतं. बिल्ड अकरा मिनिटांवरून चार सेकंदांवर आलं. गेल्या रविवारचे तीन तास ज्या अडचणीत गेले, ती अडचण असण्याचं कारणच नव्हतं.

२१ मे, बुधवार

दोन दिवस पुण्यात वळवाचा मोठा पाऊस. बाबांना फोन केला, तिकडेही तेच.

साइट त्यांना दाखवायला वहिनीने लॅपटॉप पडवीत नेला. बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ती वाचत गेली आणि ते ऐकत गेले. जून २०१९ वर आल्यावर त्यांनी थांबवलं. “इथं पाऊस का नाही लिहिलास?” वहिनी म्हणाली, “बाबा, पाऊस नव्हता त्या दिवशी.” ते म्हणाले, “नव्हता असं मी लिहिलंय. शून्य लिहिलंय. तुझ्या पानावर शून्य कुठं आहे?”

मी फोनवर होते. वही माझ्या टेबलावरच होती. उघडून पाहिलं. २०१९ ला पाऊस उशिरा आला, मुंबईत मोसमी पाऊस पोचला तोच २५ जूनला. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबांनी रोज साडेआठला मापकाचं झाकण काढून पाहिलंय आणि रोज एक गोल, पूर्ण जुळवलेलं शून्य काढलंय. फाइलींतही शून्य आहेत. पानावर नाहीत.

चूक टेम्प्लेटमधली, माझी. ‘ही किंमत असेल तर दाखव’ असं मी ‘विथ’ वापरून लिहिलं होतं. ह्यूगोची टेम्प्लेटं गो भाषेच्या नियमाने चालतात आणि तिथे शून्य म्हणजे ‘नाही’. त्यामुळे पाऊस नव्हता तो दिवस आणि पाऊस मोजलाच नाही तो दिवस, दोन्ही पानांवर एकसारखे कोरे.

बाबा शांतपणे म्हणाले ते इथे लिहून ठेवते. “शून्य म्हणजे मी गेलो होतो, बघितलं होतं आणि पाणी नव्हतं. रिकामं म्हणजे मी गेलो नाही. या दोन गोष्टी एक करू नकोस.”

रात्री सगळं नव्याने लिहिलं. आता पावसाच्या रकान्याच्या चार अवस्था आहेत. आकडा. शून्य. ‘शिंतोडे’, म्हणजे पडला पण मोजण्याइतका नाही. वहीत बाबा हाच शब्द लिहितात. आणि ‘मोजलं नाही’, त्याच्यापुढे कारण असेल तर कारण. फाइलीत पावसाची ओळच नसेल तर बिल्ड थांबतं, म्हणजे टाइप करताना राहिलेला दिवस ‘मोजलं नाही’ मध्ये लपणार नाही. नक्षत्राची बेरीज करतानाही ज्या नक्षत्रात न मोजलेले दिवस आहेत, तिथे ते किती ते बेरजेशेजारी दिसतं. नाहीतर २०२० चा मृग कोरडा गेला असं कोणीही समजेल.

२६ मे, सोमवार

मोसमी पाऊस आज मुंबईत पोचला आणि पुण्यातही. गेल्या पंचाहत्तर वर्षांत तो मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंद नाही. काल रोहिणी लागली, मृगाला अजून तेरा दिवस. बाबा फोनवर म्हणाले, एवढ्या वर्षांत असं मी लिहिलेलं नाही.

आजची नोंद ताजी ताजी टाकून पाहू म्हणून त्यांनी सांगितलेलं टाइप केलं, सकाळी नऊला बिल्ड केलं. नोंद नाही. चूकही नाही, इशाराही नाही. तारीख, फोल्डर, मसुद्याची खूण, सगळं तपासलं. कंटेनर बंद करून लॅपटॉपवर थेट चालवलं, तरी तेच. कामाला निघून गेले. दुपारी अडीचला, जेवून आल्यावर, काहीही न बदलता पुन्हा बिल्ड केलं तर नोंद हजर.

ह्यूगो पुढच्या वेळेची तारीख असलेलं पान बांधत नाही. मी तारखेत साडेआठ लिहिलं होतं, पण कुठले साडेआठ ते लिहिलं नव्हतं. न सांगितल्यास ह्यूगो ती जागतिक वेळ धरतं. जागतिक साडेआठ म्हणजे आपले दुपारचे दोन. दोन वाजेपर्यंत माझी नोंद ह्यूगोच्या लेखी उद्याची होती.

सेटिंगमध्ये टाइमझोन एकदाच सांगण्याची सोय आहे. ती न वापरता प्रत्येक नोंदीच्या तारखेपुढे अधिक साडेपाच तास लिहिण्याचं ठरवलं. सेटिंग ह्यूगोचं आहे, उद्या ह्यूगो नसलं तर ते हरवेल. फाइलीत लिहिलेलं फाइलीबरोबर राहील. सगळ्या फाइलींत हा बदल एका ओळीच्या स्क्रिप्टने केला आणि कोणत्याही नोंदीचा दिवस पुढेमागे सरकला नाही ना ते वहीशी ताडून पाहिलं.

३१ मे, शनिवार

सर्व्हर घेतला. एक जीबी मेमरीचा, सगळ्यात लहान. नुसती पानं द्यायला तेवढा पुष्कळ.

इमेज कुठल्या रजिस्ट्रीवर (इमेजांच्या ऑनलाइन साठ्यावर) ठेवायची नाही. लॅपटॉपवर डॉकर सेव्हने फाइल करायची, एसएसएच या सुरक्षित जोडणीतून पलीकडे, तिकडे डॉकर लोडने उघडायची. फोटो बाहेर काढल्यामुळे इमेज एवढीशी आहे की घरच्या नेटवरूनही अर्ध्या मिनिटात जाते.

पोचली, सुरू केली, ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. माझा लॅपटॉप एआरएम प्रोसेसरचा, सर्व्हर एएमडी६४ या दुसऱ्या जातीचा. कंटेनर म्हणजे कुठेही चालणारी पेटी असं आपण म्हणतो, पण आतला प्रोग्रॅम शेवटी एका जातीच्या प्रोसेसरसाठीच बांधलेला असतो. बिल्डला प्लॅटफॉर्म सांगितला, पुन्हा पाठवली, चालली.

संध्याकाळी एक गोष्ट सापडली, ती वेळेवर सापडली म्हणून बरं. तपासणीसाठी ८०८० पोर्ट उघडं ठेवलं होतं आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये फक्त २२, ८० आणि ४४३ ला परवानगी होती. तरी फोनच्या डेटावरून ८०८० उघडत होतं. डॉकर पोर्ट बाहेर काढताना स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्स या लिनक्सच्या नियमयादीत घालतो, आणि बाहेरून येणारं पॅकेट यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. आज इथे फक्त पानंच होती. पण दार बंद आहे असं समजून आपण आत काहीही ठेवतो. कंपोजच्या, म्हणजे सगळे कंटेनर एकत्र चालवणाऱ्या साधनाच्या, फाइलीतून ८०८० ची ओळ काढली. एनजिनएक्स आता फक्त आतल्या नेटवर्कवर आहे, बाहेर तोंड एकट्या कॅडी या दुसऱ्या वेब सर्व्हरचं.

१ जून, रविवार

कॅडी पुढे, एनजिनएक्स मागे. कॅडीफाइल तीन ओळींची, ब्राउझरमधल्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र तो स्वतः लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रं देणाऱ्या सेवेकडून आणतो आणि मुदत संपायच्या आत नवं करतो.

कंपोज खाली-वर करून तिसऱ्यांदा तपासत असताना लॉगमध्ये लक्ष गेलं, प्रत्येक वेळी नवं प्रमाणपत्र काढलं जातंय. कॅडी ते डेटा फोल्डरात ठेवतो आणि मी त्या फोल्डराला व्हॉल्यूम (कंटेनर काढला तरी टिकणारी जागा) दिलं नव्हतं, म्हणजे कंटेनर काढला की प्रमाणपत्रही गेलं. एकाच नावासाठी सात दिवसांत पाचच मिळतात. तीन संपली होती. व्हॉल्यूम जोडलं, पुढचे प्रयोग लेट्स एन्क्रिप्टच्या स्टेजिंग, म्हणजे सरावाच्या, सर्व्हरवर केले. आणखी दोनदा तसंच केलं असतं तर मर्यादा संपली असती आणि पुढचं प्रमाणपत्र लगेच मिळालं नसतं.

३ जून, मंगळवार

पाच वर्षं झाली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. सकाळी पहिलं काम म्हणून त्या दिवसाचं पान सर्व्हरवर उघडलं. मजकूर आला, स्कॅनच्या जागी ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’.

बाकी सगळे स्कॅन दिसत होते. हा एकच नाही. वादळाचं पान ओल लागून फुगलेलं, पहिला स्कॅन अस्पष्ट होता म्हणून वहिनीने ते गेल्या आठवड्यात पुन्हा केलं होतं. ती फाइल वेगळ्या वाटेने आली, परवानगी ६००, म्हणजे मालकाशिवाय कोणी वाचू शकत नाही, आणि एनजिनएक्सचा कामगार प्रोसेस त्या फाइलीचा मालक नाही. ६४४ केलं, म्हणजे सगळ्यांना वाचता येतं. फोटो पाठवणाऱ्या आरसिंकच्या ओळीतच आता परवानगी ठरवून दिली आहे.

मग ते पान बघत बसले. दिवसभर वीज नव्हती, नंतरही कितीतरी दिवस आली नाही, बाबांनी ते रात्री मेणबत्तीवर लिहिलं. डाव्या कोपऱ्यात मेणाचा थेंब आहे, स्कॅनमध्ये तो पिवळट डागासारखा उतरलाय. पावसाच्या जागी आकडा नाही. “मापक उडाले. मोजता आले नाही.” त्याखाली वारा, आधी पूर्व, मग काहीच कळेना असा. मग “पोफळी १४२ आडव्या. माड ९. मागची पडवी गेली. सगळे सुखरूप.” नेहमीचं ताठ अक्षर त्या दिवशी उजवीकडे उतरत गेलंय.

पुढचे सोळा दिवस ‘मोजलं नाही’. सतराव्या दिवशी नवं मापक, आकडा, आणि बाजूला लहान अक्षरात “जागा तीच.” तेव्हा लावलेल्या पोफळी अजून नीट धरत नाहीत. दादा म्हणतो पुढच्या वर्षी धरतील.

सोळा दिवसांची ती सोळा पानं मी साइटवर एकेक उघडून पाहिली. प्रत्येकावर कारण दिसतंय.

७ जून, शनिवार

बाबांनी साइट ऐकली त्या दिवशी आणखी एक विचारलं होतं, “आणि हे यंत्र बंद पडलं तर?” त्याचं उत्तर आज करून पाहिलं.

ह्यूगोचा पहिला टप्पा ‘टार्गेट’ सांगून वेगळा बांधला. शेवटच्या इमेजमध्ये ह्यूगो नसतं, त्यामुळे नुसती ती जपून उपयोग नाही. दोन्ही इमेजा डॉकर सेव्हने फाइलींत काढल्या आणि नोंदींच्या फोल्डरशेजारी पेन ड्राइव्हवर ठेवल्या. मग घरातला २०१६ चा जुना लॅपटॉप, त्याच्यावर फक्त लिनक्स आणि डॉकर. वायफाय बंद. वर कंटेनरलाही नेटवर्क ‘नन’ दिलं, म्हणजे चुकूनही बाहेर हात पोचू नये.

पहिला प्रयत्न फसला नाही, पण अक्षरं वेगळी दिसली. टेम्प्लेटमध्ये फाँट बाहेरच्या सर्व्हरवरून येत होता. टिरो देवनागरी मराठी या फाँटची वूफ२ (वेबसाठीची) फाइल साइटच्याच फोल्डरात आणून ठेवली. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हवा म्हणून तो निवडला होता, बाबा तसाच ‘ल’ काढतात. पुन्हा बिल्ड. नेटशिवाय, जुन्या यंत्रावर, सहा सेकंद, आणि दोन्ही लॅपटॉपवरच्या पानांची तुलना करून पाहिली तर एका बाइटाचाही फरक नाही.

पेन ड्राइव्हच्या तीन प्रती केल्या. त्यावर एक फाइल ‘आधी हे वाच’ नावाची, साध्या मराठीत, की डॉकर कुठेच मिळत नसेल तर नोंदींच्या फाइली कुठल्याही लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडतात, बाकी सगळं सोडून दिलं तरी चालेल.

८ जून, रविवार, मृग

रात्रभर सरी. आठ पस्तीसला बाबांचा फोन आला. आकडा त्यांनी दोनदा सांगितला, मी दोनदा म्हणून दाखवला. वारा नैऋत्येचा. विहिरीच्या चार पायऱ्या उघड्या. शिंपणं नाही.

फाइल लिहिली, तारखेपुढे अधिक साडेपाच. चाळणी पार झाली, बिल्ड झालं, इमेज पलीकडे गेली, कंटेनर बदलला. आठ बेचाळीसला वहिनीने पडवीत पान उघडलं आणि बाबांना वाचून दाखवलं. पूर्ण ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “पायऱ्या पाच लिही. मी आत्ता पुन्हा बघून आलो.”

पाच केल्या. पुन्हा बिल्ड.